बुडालेल्या नावेतली गाठ

सन एकोणीसशे सेहेचाळीस. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. अम्मा सांगायची, तू मानमोडीच्या साथीतला; गावात माणसं मरत होती आणि तू तेवढा जन्माला आलास. त्यावरून मोजलं तर अठ्ठावीसच येतात. माझी शाळा दुसरीत सुटली. लिहिण्यात चुका असतील, त्या दिवाळी अंकवाल्यांनी नीट कराव्यात. पण मजकुराला हात लावायचा नाही, असं मी त्यांना बजावून ठेवलं आहे. मजकूर माझा आहे.

माझा धंदा पाणबुड्याचा. पाणबुड्या म्हणजे विहिरीत पडलेली वस्तू बुडी मारून वर काढणारा. आता घरोघर नळ आले, कुणाचा हंडा विहिरीत पडत नाही, त्यामुळं हा धंदा काय होता हे नातवंडांनाही सांगावं लागतं. तेव्हा रोज कुठं ना कुठं दोर तुटायचा. घागर, हंडा, कळशी, कधी पोहऱ्यासकट रहाटाची कडी. आधी माणसं गळ टाकून बघायची. लोखंडी आकड्यांचा झुपका दोराला बांधून तळाशी फिरवायचा, त्यात भांड्याचा काठ अडकला तर अडकला. नाहीच अडकला म्हणजे मग, "जा रे, लालाभाईला बोलवा."

मी कानात गोड्या तेलाचा बोळा घालायचो, कमरेला दोर बांधायचो, बिस्मिल्ला म्हणायचो आणि हातात जड दगड घेऊन खाली जायचो. दगडानं लवकर तळ गाठता येतो. खाली डोळ्यांचा उपयोग नाही. गाळ उठला की दिवसा अंधार. सगळं काम पायाच्या बोटांनी. तांबं कसं लागतं, पितळ कसं लागतं, हे पायाला कळतं. कसं कळतं म्हणून विचारू नका. तुम्हाला अंधारात तुमची बायको कळते की नाही, तसं.

दोराला एक हिसका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. मजुरी म्हणजे दाणे, कुठं नारळ, कुठं नुसतं जेवण. मी कधी घासाघीस केली नाही. मला बोलवायला माणूस यावा लागायचा, आणि मी गेलो की सगळी आळी विहिरीवर जमायची, तेवढं मला पुरायचं.

केडगावला एका कीर्तनकार बुवांची कवळी विहिरीत पडली होती. सकाळी काठावर चूळ भरताना पडली. संध्याकाळी कीर्तन. बुवांनी मला कानात सांगितलं, "वाच्यता नको हं." म्हणजे ते तसं म्हणाले असावेत, दात नसल्यामुळं मला नीट समजलं नाही. मी बुडी मारली, गाळात हात फिरवला, वर आलो आणि काठावर सगळा गाव उभा असताना विचारलं, "बुवा, ही वरची की खालची?" बुवांनी मला शिधा दिला, पण परत कधी बघून हसले नाहीत.

माझा एक कायदा होता. मागितलं असेल तेवढंच काढायचं. दुसरं काही हाताला लागलं तर तेही वर आणून विहिरीच्या कठड्यावर ठेवायचं, ज्याचं असेल तो ओळखून नेईल. घरी काही न्यायचं नाही. एकदा मी एक विळा असा कठड्यावर ठेवला. तो कुणीच नेला नाही. का नेला नाही, ते सगळ्या गावाला माहीत होतं. शेवटी पावसानं गंजून त्याचा चुरा झाला.

सांगायचं काय, विहिरीत पडलेली वस्तू कुणाची, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. जिच्या हातातून पडली तिची. पाणी काय, पाण्याचं काही नसतं. आमच्यात मुडद्याबरोबरही कफनापलीकडं काही देत नाहीत. म्हणजे मागं राहिलेलं सगळं जिवंत माणसांचं. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की त्या नावेपर्यंत त्यावर विचार करायची वेळच आली नाही.

ती नाव नेवासे तालुक्यातल्या एका घाटावर गोदावरीत बुडाली. घाटाचं नाव लिहीत नाही, त्या घरांतली माणसं अजून आहेत. आदल्या श्रावणात, बाजारच्या दिवशी, नदी भरून चाललेली. नदीच्या अलीकडं इंग्रजांचं राज्य, पलीकडं निजामाचं. नावेत बाजारकरी होते, पंचमीला माहेरी आलेल्या आणि सासरी निघालेल्या पोरी होत्या, शेळ्या होत्या. मध्यधारेत भोवरा आला आणि नाव एकदम फिरली, असं पोहून निघालेले दोघं-तिघं सांगत. काही प्रेतं खाली लांब सापडली. काही सापडलीच नाहीत. त्या नावेची गाणी झाली. बाजारात गोंधळी संबळावर म्हणायचे आणि बाया पदर डोळ्याला लावायच्या. लांबलांबून लोक नुसता डोह बघायला येत. इकडचा जमादार म्हणे, नाव पलीकडच्या हद्दीत आहे. पलीकडचा म्हणे, अलीकडच्या. त्यामुळं पंचनाम्याच्या पुढं काही झालं नाही. घाटाची नाव ती एकच. मग लोक गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, बसून पलीकडं जायला लागले.

फाल्गुनात पाणी उतरलं, निवळलं, आणि सकाळच्या उन्हात डोहात नावेचं नाक दिसायला लागलं. तेव्हा सारजाबाई माझ्या घरी आली.

सारजाबाई त्या घाटावरच्या गावची. चाळिशी ओलांडलेली, कपाळ मोकळं. तिचा नवरा धोंडिबा त्या नावेत होता आणि त्याचं प्रेत सापडलं नव्हतं. तो पलीकडच्या सोनाराकडून घराण्याच्या देवांचे टाक घेऊन येत होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, तळहातावर मावणारे: खंडोबा, भैरोबा, देवी, घराण्यातले वीर. काठ झिजले म्हणून डागडुजीला दिले होते.

ती दारातच बसली. म्हणाली, "लालाभाऊ, तुमी बुवाचं दात काढलं म्हनं इहिरीतून. माजं देव काढता का?"

मी म्हणालो, "बाई, मी मुसलमान. तुमच्या देवाला माझा हात चालेल का?"

"पावसाळ्यापासनं मासं फिरत्यात त्येंच्यावरनं. तुमचा हात माशापरीस वाईट हाय व्हय?"

मला हसू आलं. ती हसली नाही. मग तिनं खरी गोष्ट सांगितली. तिचा नवरा थोरला. धाकटा दीर रामभाऊ. थोरल्याच्या घरात मूळ देव असतात. धाकटा वाटणीनंतर नवे घडवतो आणि जुन्यांना भेटवून आपल्या देव्हाऱ्यात ठेवतो. देव जिथं, तिथं घराणं. दसऱ्याचा नैवेद्य तिथं, जावळ तिथं, माहेरवाशिणी येणार त्या तिथं. आता रामभाऊ म्हणत होता, देव गेले, नदीनं विसर्जन केलं, मी नवे घडवतो आणि ते माझ्या घरात बसतील.

"म्हंजी मी काय ऱ्हायले?" ती म्हणाली. "देव आलं तर मी थोरल्या घरची. न्हाई आलं तर जावंच्या चुलीम्होरं बसून भाकरी मागायची. माझ्या पोरींनी म्हायाराला यायचं ते बी तिच्याच दारात."

मला यात कोडं दिसलं नाही. वस्तू तिच्या घरची, ती मागत होती. मी हो म्हणालो.

घाटावर गेलो तर सगळा काठ माणसांनी भरलेला. पाणबुड्या येणार म्हणून बातमी दोन्ही तीरांवर गेली होती. रामभाऊही आला होता. माणूस वाईट नव्हता. दाढी वाढलेली, भावाच्या दुःखानं खंगलेला. तो भावजयीला म्हणाला, "वहिनी, नका उकरू. इसर्जन झालं समजा."

"इसर्जनाला पूजा लागती, दहीभाताचा नैवेद लागतो. कुनी क्येली पूजा? तुमी?"

"देवाच्या मनात आलं, गेलं."

"देवाच्या मनातलं तुमालाच बरं कळतं."

मासेमारीची लहान होडी एकाचीच होती, संतू भोयाची; तीत तो माणसं बसवत नसे. बुडालेली नावही त्याचीच. आणि त्या दिवशी वल्हं त्याच्या लेकाच्या हातात होतं, किसनच्या. किसनही मिळाला नव्हता. म्हातारा होडीत पाठ करून बसला होता. मी जवळ गेलो तसा म्हणाला, "आमी भोई पान्यानं घेतल्यालं परत मागत न्हाई. मागितलं तर पानी दुसरं मागतं."

मी म्हणालो, "काका, माझ्या धंद्यात असं काही नाही."

"तुमचा धंदा इहिरीचा. इहीर बांधल्याली आसती, मालकाची आसती." मग तो वळला. "लालाभाई, येक इचारतो. तुमी कबर उकरता का?"

"तोबा. नाही."

"मंग ही माजी कबर हाय."

मी खाली बसलो. मला आजवर दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. मागं राहिलेलं जिवंतांचं. आणि कबर उकरायची नसते. या दोन्ही कधी एका ठिकाणी येतील असं वाटलं नव्हतं. एकीकडं सारजाबाई पदर खोचून उभी, दुसरीकडं हा म्हातारा. मी मोठ्या तोऱ्यात आलेलो, आणि आता दोर कमरेला बांधू की नको, तेच कळेना.

तेवढ्यात पलीकडच्या तीरावरचा एक माणूस काहिलीतून उतरून आला. पागोटं घातलेला, हात जोडलेले. "बाबा, माज्या लेकीची प्येटी बी बघा. हिरव्या रंगाची, पितळी कडी हाय. सासरी चालल्ती." त्याच्यामागं आणखी कुणी म्हणालं, आमची घागर. कुणी म्हणालं, आमच्या बापाची काठी, चांदीच्या मुठीची. बघता बघता घाटाचा बाजार झाला.

संतू भोई उठला. तो गलका ऐकून त्याचं काय झालं कोण जाणे. म्हणाला, "बसा होडीत. पर आयका. येकच बुडी, येकच वस्तू. सारजीचं देव. दुसऱ्याला हात लावायचा न्हाई. समदे वढाय लागलं तर नावंची फळी फळी हुईल. आन् दोर मी धरनार. माज्या पोराच्या अंगावर दुसऱ्या कुनाचं वल्हं नको."

मी शब्द दिला. विहिरीच्या कठड्याचा माझा कायदा त्या दिवशी तिथंच राहिला.

नदीचं पाणी विहिरीसारखं नसतं. विहिरीचं पाणी माणसाला धरून ठेवतं, नदीचं ढकलतं. डोहात ओढ कमी, तरी होतीच. मी दगड धरून गेलो, नावेच्या काठाला लागलो आणि आत शिरलो. गाळ अर्ध्या नावेपर्यंत. पायाखाली काचेच्या बांगड्या चुरचुरल्या. मग एक घागर लागली, तिच्या तोंडात शेवाळ. मग एका पेटीचा कोपरा, आणि त्यावर कडी. पितळेची. पायाला पितळ कळतं, हे मी वर सांगितलं आहे. रंग हिरवा होता का, ते पायाला कळत नाही. मी पाय काढून घेतला.

देवांचा डबा नावेच्या बुडाशी होता. लाकडी फासळीला पटका गुंडाळलेला, दोन वेढे, वर गाठ, आणि आत डबा. धोंडिबाचाच पटका असणार. छातीत दम संपत आला होता. मी अंगठ्यानं गाठ ढकलली. ती सुटली. पटका कुणी मागितला नव्हता, तो तिथंच सोडला. डबा पोटाशी धरला आणि दोराला दोन हिसके दिले. म्हाताऱ्यानं मला एवढ्या सावकाश ओढलं, की मी वर येईपर्यंत डोळ्यांपुढं लाल झालं. तो मला ओढत नव्हता, नावेला धक्का लागू नये म्हणून जपत होता.

काठावर डबा उघडला. टाक काळे पडलेले, पण सगळे होते. सारजाबाईनं एकेकाला पदरानं पुसलं. लोकांनी हात जोडले. पागोटंवाला माझ्याकडं बघत होता. "प्येटी?" मी म्हणालो, "खाली दिसत नाही, बाबा." हे खरं होतं. तो तरीही उभाच राहिला.

मग रामभाऊ पुढं आला आणि त्यानं मला एक विचारलं. तेवढं विचारणं त्याच्या हक्काचं होतं. "लालाभाई, खरं सांगा. डबा सुटा हुता का बांधल्याला? सुटा आसंल तर देव आपल्या पायानं गेलं. मंग त्येंना परत बसवता येत न्हाई. बांधल्याला आसंल तर माज्या भावानं धरून ठिवलं हुतं."

सारजाबाईचा हात टाकावर थांबला.

मी म्हणालो, "बांधलेला होता. पटक्यानं, नावेच्या फासळीला. दोन वेढे आणि वर गाठ."

रामभाऊनं वहाणा काढल्या. वाकून टाकांना हात लावला, मग भावजयीच्या पायांना. म्हणाला, "न्या घरी, वहिनी. तुमच्याच देव्हाऱ्यात बसतील." तिनं टाक परत डब्यात ठेवले. डबा पदराखाली घेतला आणि तिथंच वाळूत बसली. तिचं काम झालं होतं. माझंही. मी अंग पुसायला लागलो, आणि खरं सांगतो, छाती फुगली होती.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी गाठ मारायला येळ हुता की."

मग दुसरा म्हणाला, "नाव येकदम फिरली म्हनत हुते. येकदम फिरली तर मानूस डबा कवा बांदतो, गाठ कवा मारतो?" तिसरा म्हणाला, "येवढा येळ हुता तर किसन काय करीत हुता? नाव काठाला का न्हाई घातली?"

इतके महिने त्या म्हाताऱ्याकडं एकच आधार होता. भोवरा आला, क्षणात झालं, पोराचा इलाज चालला नाही. लोकांनीही ते मान्य केलं होतं. गाण्यातही तसंच होतं. माझ्या एका खऱ्या शब्दानं ते उलटं झालं.

मी ओरडून सांगितलं, "अरे, निघतानाच बांधली असेल गाठ. घाटावरच. देव घसरू नयेत म्हणून."

"तुमी बगितली का मारताना?"

"मी कसा बघणार?"

"मंग?"

पागोटंवाला आता माझ्याकडं बघत नव्हता, संतूकडं बघत होता. ती नजर मला अजून आठवते.

संतू भोई होडीत दोर गुंडाळत होता. सावकाश, वेढ्यावर वेढा. सगळं ऐकलं होतं त्यानं. लोक पांगल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, "लालाभाई, गाठ कशी सुटली?"

"अंगठ्यानं ढकलली, सुटली."

"घाटावरच कोरड्या पटक्याची मारल्याली आसंल का? का बुडताना, वल्या?"

"काका, मला नाही सांगता येत."

"व्हय," तो म्हणाला, आणि होडी घेऊन निघून गेला. पलीकडं नाही, अलीकडं नाही. डोहाच्या बाजूला जाऊन थांबला.

यावर मी नंतर पुष्कळांना विचारलं. आमच्या मौलवींना विचारलं, ते म्हणाले, खरं बोललास, तुझ्यावर काही नाही. श्रीरामपूरला बाजारात एक ख्रिस्ती मास्तर भेटायचे, ते म्हणाले, वस्तू ज्याची त्याला देणं हेच बरोबर. एका वकिलानं विचारलं, नाव नेमकी कुणाच्या हद्दीत होती? सगळ्यांनी उत्तरं दिली, पण प्रत्येकानं निराळ्याच प्रश्नाचं. सारजाबाईच्या पोरी थोरल्या घरी माहेरपणाला येत राहिल्या, दर दसऱ्याला मला निरोप यायचा. तो नैवेद्य मी आनंदानं खाल्ला. पेटी नदीत राहिली. ती काढायला हवी होती की देवही राहू द्यायला हवे होते? एक काढायचं आणि दुसरं नाही, याला काय न्याय म्हणतात? मी त्यानंतर विहिरीतून भांडी काढली, माणसंही काढली. नदीत पुन्हा उतरलो नाही. लोक म्हणाले, लालाभाई घाबरला. घाबरलो नव्हतो. विहिरीत मला माझा कायदा ठाऊक होता, नदीत तो लागू पडतो का नाही, हे आजही ठाऊक नाही.

त्या दिवशी घाटावरून घरी आलो आणि जेवलो नाही. बायको म्हणाली, पाणी बाधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि शिडी घेऊन आमच्याच विहिरीत उतरलो. डोक्याचा पटका काढला आणि फाडून त्याचे दोन तुकडे केले. बायको वरून बघत होती. "येडं लागलं का? चांगला पटका." एक तुकडा मी पाण्याच्या वर, कोरडा असतानाच, शिडीच्या लाकडाला दोन वेढे देऊन बांधला आणि मग शिडी खाली ढकलली. दुसरा पाण्याखाली जाऊन त्याच शिडीला बांधला, दम कोंडून, घाईघाईनं, बुडता माणूस बांधेल तसा. उन्हं विहिरीत येईपर्यंत तसंच राहू दिलं. मग बुडी मारली, डोळे मिटले आणि आधी एका गाठीवर अंगठा ठेवला, मग दुसरीवर. ढकलली. दोन्ही सुटल्या. एक तुकडा वाळवून पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडल्या. कुठली कोरड्यातली, कुठली ओल्यातली, माझ्या या हातांना सांगता येईना.

वर आलो. ओले तुकडे तसेच डोक्याला गुंडाळले आणि संतू भोयाला एवढं सांगायला घाटाची वाट धरली.